अकरावीचा फॉर्म आणि डॉक्टरकीचा रस्ता

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. तो मी बाईंच्या परवानगीनं बदलला आहे. कारण काल संध्याकाळपासून इथे मला भेटलेल्या चौदा जणांपैकी अकरा जणांनी एकच विचारलं. "पोरगं दहावीत आहे, मेडिकलचं म्हणते, कुठं टाकू?" संगणकाबद्दल एकानेच विचारलं, तेही त्याचा प्रिंटर चालत नव्हता म्हणून.

तर त्याच प्रश्नावर बोलते. मी डॉक्टर नाही. मग मी का बोलावं? कारण मागच्या वर्षी आमच्या घरात हाच प्रश्न होता. माझ्या भावाची मुलगी, माझी भाची, दहावी झाली. घर तेच, सातव चौकाजवळचं, तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे माझ्या आईच्या हातचं खाल्लं आहे. घरात दोन गट पडले. एक म्हणे कोटा, एक म्हणे अकोला. आणि मी, माहितीपुस्तिका आणि नियम वाचायची नोकरीतली सवय असलेली आत्या, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नियम वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आधी आपल्या वेळचं आठवा. आपली बारावी १९९८ ची. तेव्हा सगळा खेळ बोर्डाच्या मार्कांचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची बेरीज केली की मेडिकलची यादी, बायोलॉजीच्या जागी गणित धरलं की इंजिनिअरिंगची. दोन्ही याद्या एकाच मार्कशीटवरून. म्हणून आपल्यातल्या हुशार म्हणवणाऱ्यांनी चारही विषय घेतले होते. आणि जे पक्के मेडिकलवाले होते त्यांनी क्रॉप सायन्स घेतलं, म्हणजे गणितही सुटायचं, मराठीही सुटायचं आणि प्रॅक्टिकलचे मार्क हातात. (कृषी विद्यापीठ गावात असून क्रॉप सायन्स घेणाऱ्यांपैकी एकही शेतीकडे गेला नाही, हा आपल्या बॅचचा विक्रम आहे.) अकोल्यात तेव्हा मेडिकल कॉलेज नव्हतं. अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं, १९८४ चं, पण ते खाजगी संस्थेचं. सरकारी म्हणजे यवतमाळ, नाहीतर नागपूरची दोन. सेवाग्रामची स्वतःची वेगळी परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचा पेपर असायचा. त्यासाठी आपल्या वर्गातल्या एकाने महिनाभर खादीचा शर्ट घातला होता. तो इथेच बसला आहे, नाव घेत नाही.

मी इंजिनिअरिंगला शेगावला गेले कारण गणित सोडवत नव्हतं. घरून कोणी काही म्हटलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "गजानन महाराजांच्या गावी चालली, मग काय पाह्यचं."

आता सगळं बदललं. २००२ साली अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज झालं. आपले आईवडील ज्याला मेन हॉस्पिटल म्हणत, ते सर्वोपचार आता त्याचं रुग्णालय. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यांत अमरावती, बुलढाणा आणि वाशिम आहेत. म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. १९९८ ला हे कोणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो.

जागा वाढल्या तशी गर्दीही वाढली. २०२४ ला तेवीस लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. यातून कोणाला काय मिळेल हे मी सांगू शकत नाही आणि जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मी फक्त अकरावीच्या फॉर्मबद्दल बोलणार आहे. तो पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू भरतं, आणि त्यावर आपण सही करतो.

आमच्या कामात एक सवय लागते. कुठलाही निर्णय घेण्याआधी आम्ही पाहतो की हा नंतर फिरवता येतो का. फिरवता येत असेल तर फार वेळ घालवायचा नाही. येत नसेल तर चारदा वाचायचं. भाचीच्या वेळी मी एका कागदावर हेच केलं. आमच्या घरात भांडण ज्या गोष्टींवर चाललं होतं, म्हणजे कोणता क्लास, कोणती बॅच, होस्टेलला एसी की कूलर, त्या सगळ्या फिरवता येणाऱ्या निघाल्या. आणि जी फिरवता येत नव्हती ती कोणाच्या तोंडीच नव्हती.

ती अशी. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. या राज्याच्या जागांसाठी नुसता अधिवासाचा दाखला, म्हणजे डोमिसाइल, पुरत नाही. दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेली लागते. केंद्र सरकारी नोकरीतल्या, सैन्यातल्या लोकांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण आपल्यासारख्या दुकानदार, शिक्षक, शेतकरी, खाजगी नोकरीवाल्यांना नाहीत. म्हणजे पोरगं कोट्याला नेलं आणि अकरावी-बारावीचं अॅडमिशनही तिकडच्याच शाळेत घेतलं, तर जठारपेठेत जन्मलेल्या, दहावीपर्यंत इथेच शिकलेल्या मुलाला सर्वोपचारच्या कॉलेजातली राज्याची जागा मागता येत नाही. त्याचे आजोबा इथले, बाप इथला, मतदान इथलं. पण बारावी इथली नाही.

हे वाचून मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "काहीतरीच काय बाप्पा, आपण तर इथलेच न." मी त्याला पान पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो क्लासच्या ऑफिसात गेला आणि विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "काका, त्याची सोय होते, तुम्ही फक्त फी भरा." कोणत्या गावचा क्लास, कोणतं ऑफिस, ते राहू द्या. पण ‘सोय होते’ म्हणजे काय, ते समजून घ्या.

सोय म्हणजे नावापुरतं कॉलेज. अॅडमिशन महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात, मुलगा दुसऱ्याच गावी क्लासला, कॉलेजचं तोंड फक्त परीक्षेला पाहायचं. कागदावर बारावी महाराष्ट्राची होते, हे खरं. पण नियमानं ७५ टक्के हजेरी लागते, आणि अशा कॉलेजांना आळा घालायला सरकारनं २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सांगितली होती. तरी हे चालतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. माझा आक्षेप नियमाचा आहेच, पण त्याहून जास्त एका साध्या गोष्टीचा आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलानं दोन वर्षांत एकदाही मायक्रोस्कोपला डोळा लावला नाही, टायट्रेशनचा एक थेंब स्वतः सोडला नाही, आणि जर्नल विकत घेतलं. आपल्या बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला झुरळ उघडताना निम्म्या वर्गाला मळमळायचं. त्यातल्या दोघींना तिथेच कळलं की हे आपलं काम नाही, आणि एकीला कळलं की हेच आपलं काम आहे. ती आज भूलतज्ज्ञ आहे.

आधी ७०:३० चाही नियम होता, तो काहींच्या डोक्यात अजून आहे. विदर्भातल्या कॉलेजांच्या राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा विदर्भात शिकलेल्यांना, ३० बाकीच्यांना. तसंच मराठवाड्याचं आणि उर्वरित महाराष्ट्राचं. म्हणून तेव्हा लातूरला अकरावी घेताना आपली माणसं दहादा विचार करायची, कारण लातूर पॅटर्नसाठी गेलं की मराठवाड्याच्या खात्यात पडायचं. सप्टेंबर २०२० मध्ये हा नियम रद्द झाला. त्यावर दोन मतं आहेत आणि मी आज ते भांडण काढत नाही. तुमच्यापुरता अर्थ एवढा, की लातूर, नांदेड, पुणे, अकोला, कुठेही बारावी केली तरी राज्याच्या यादीत आता फरक पडत नाही. फरक राज्याच्या सीमेवर पडतो. बऱ्हाणपूर अकोल्यापासून लातूरपेक्षा जवळ आहे, पण सीमा ती सीमा.

दुसरी गोष्ट गणिताची. अकरावीला गणित ठेवायचं की सोडायचं? इथे प्रत्येक घरात एक काका असतो जो म्हणतो, दोन्ही ठेवा, दोन्ही दारं उघडी. आणि क्लासवाला म्हणतो, गणित काढून टाका, वेळ वाया जातो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. राज्यात इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतंच, तेव्हा गणित सोडलं की ते दार लागलं. उलट बाजूनं मात्र २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगानं एक खिडकी उघडली. बारावीला गणित घेतलेल्यानं नंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून केलं तरी त्याला नीट देता येते. बी. फार्म. आणि शेतकीची पदवी राज्याच्या सीईटीतून होते आणि तिथे दोन्ही गटांतली मुलं चालतात. कृषी विद्यापीठ आपल्याच गावात आहे, हे मी पुन्हा सांगते, कारण कोणी ऐकत नाही.

भाचीला मी काय सांगितलं? पहिले दोन-तीन महिने चारही विषय घे. नीटच्या फिजिक्सला गणित लागतंच, लॉगॅरिदम आणि थोडं कॅल्क्युलस आलं नाही तर ४५ प्रश्न हातचे जातात. मग बघ, झोप होते का. नाही झाली तर सोड. फक्त कॉलेजला आधी विचारून ठेव की विषय कोणत्या तारखेपर्यंत बदलता येतो. तिनं दिवाळीआधी गणित सोडलं. मला वाईट वाटलं, मी गणितवाली. पण तिला नाही वाटलं.

नीटबद्दल थोडक्यात, कारण यात बोर्डाच्या काळातले आपण चुकीची गणितं करतो. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ९० प्रश्न बायोलॉजीचे. बरोबरला चार, चुकीला वजा एक. आपल्याला ‘किती मार्क पडले’ विचारायची सवय. पण २०२४ ला अंतिम निकालात सतरा जणांना पैकीच्या पैकी होते, आणि २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. म्हणजे शेजारच्या मुलाला मागच्या वर्षी अमुक मार्कांवर लागलं, यावरून आपल्या मुलाचं काही ठरत नाही. क्रमांक विचारा, मार्क नको. आणि बारावीच्या मार्कांचं म्हणाल तर मेडिकलला आता फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत खुल्या वर्गाला ५० आणि राखीव वर्गांना ४० टक्के एवढंच लागतं. यादी लागते ती नीटवर. त्यामुळे मुलं बारावीला तुच्छ लेखतात. त्यांना सांगा, बारावीत पात्रतेचे मार्क नसतील तर नीटचा क्रमांक भिंतीवर लावायचा.

राखीव प्रवर्गातल्या आईवडिलांना हात जोडून एक सांगते. जात वैधता प्रमाणपत्र. अकरावी-बारावी विज्ञानच्या मुलांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे जातो. तो अकरावीतच द्या. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला, गावच्या कोतवाल बुकाची नक्कल काढायला महिने लागतात, आणि प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत. नॉन-क्रीमीलेअरची मुदत बघा. आमच्या वरच्या मजल्यावर वाशिम जिल्ह्यातली एक मुलगी भाड्यानं राहायची, क्रमांक चांगला होता, आणि कागदासाठी तिचे वडील जुलैच्या पावसात मोटारसायकलवर तीनदा वाशिम-अकोला करत होते. कागद शेवटच्या दिवशी मिळाला. मिळाला म्हणून आज आपण चहा पीत ही गोष्ट सांगतो.

त्या वरच्या मजल्याबद्दल सांगायलाच हवं, कारण जठारपेठ आता आपण सोडली तशी राहिली नाही. रणपिसे नगर, रामदासपेठ, तोष्णीवाल लेआउट, जिकडे पाहाल तिकडे खोल्या, मेस, क्लासच्या पाट्या. वाशिम, बुलढाणा, हिंगोलीची मुलं इथे येऊन राहतात. आपण कोट्याचं बोलतो, आणि त्या मुलांसाठी आपणच कोटा आहोत. आई वीस वर्षं खोली भाड्यानं देते आहे, फक्त मुलींना. तिच्याकडे एक वही आहे. त्यात कोणती मुलगी कुठे गेली ते लिहिलेलं असतं. मी ती वही मुद्दाम पाहिली. पाच एमबीबीएस. आठ बीएएमएस, त्यातल्या दोघी इथल्याच तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालयात शिकल्या. बाकी फिजिओथेरपी, पशुवैद्यक, नर्सिंग, बी.एस्सी., एक बँकेत, एक पोलीस उपनिरीक्षक. एकीसमोर आईनं फक्त ‘घरी गेली’ असं लिहिलं आहे. तिनं तीनदा परीक्षा दिली होती. तिसऱ्या निकालानंतर तिचे वडील न्यायला आले, ती खाली उतरेना, आई वर जाऊन तिच्याजवळ दोन तास बसली. काय बोललीस, असं मी आईला विचारलं. म्हणाली, "काय बोलू? भाजी निवडत बसलो दोघी." ती मुलगी पुढे बीएएमएस झाली, मूर्तिजापूरकडे दवाखाना आहे तिचा, दिवाळीला फोन येतो. पण वहीत आईनं ते ‘घरी गेली’ खोडलेलं नाही.

म्हणून रिपीटबद्दल, म्हणजे वर्ष सोडून पुन्हा नीट देण्याबद्दल, माझं मत सांगते. तुम्हाला पटायलाच हवं असं नाही. एक वर्ष, ठीक आहे. पहिल्या वेळी बोर्ड आणि नीट एकत्र येतात, दम लागतो. पण दुसऱ्या रिपीटच्या आधी मुलानं स्वतः, आईबाप खोलीत नसताना, कोणातरी तिसऱ्याशी बोलावं. आणि तो दुसरा पर्याय आधीच ठरलेला असावा, पराभव झाल्यावर शोधलेला नको. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांनाही नीटच लागते, तेव्हा तो दिलेला पेपर वाया जात नाही. घरात मात्र ही नावं ‘नाही लागलं तर’ या शब्दांशिवाय घ्या. पोरं ऐकतात सगळं.

परदेशाचं दोन मिनिटांत. मी काही वर्षं न्यू जर्सीत होते. तिथे गंमत अशी की डॉक्टर होण्याआधी चार वर्षांची पदवी करायची, कुठल्याही विषयात. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याची मुलगी इतिहास शिकत होती, सोबत बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरावीक कोर्स करत होती, आणि मग मेडिकलची प्रवेशपरीक्षा देणार होती. बावीसाव्या वर्षी ठरवायचं. खर्च प्रचंड, वर्षं जास्त, पण पंधराव्या वर्षी गणित सोडलं म्हणून कोणाचं काही अडत नाही. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून मुलाला निदान एवढी सवलत द्या की सोळाव्या वर्षी त्याचं मन बदललं तर तो गुन्हा धरू नका. आणि रशिया, किर्गिझस्तानच्या जाहिराती येतात. तिथून आल्यावर इथली पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि ती पास होणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे. शेत गहाण टाकण्याआधी हे विचारा.

पैशाचंही. सरकारी आणि खाजगी फीमध्ये कितीतरी पटींचा फरक. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क माफ आहे. पोरींच्या बापांनी हा शासन निर्णय छापून फाइलला लावावा. आणि सरकारी एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दहा लाख बॉण्डचे. त्यानंतर पीजीची परीक्षा. पोरगं ‘लागलं’ म्हणून पेढे वाटता तेव्हा त्याच्यासमोर दहा-बारा वर्षं आहेत.

मग भाचीचं काय झालं, असं विचाराल. २०२५ ला पहिल्यांदा अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन झाली, अकोलाही त्यात आलं. तिनं फॉर्ममध्ये अकोल्याचीच कॉलेजं भरली, जिथे प्रॅक्टिकल होतात आणि हजेरी खरी लागते. निवडण्याआधी आम्ही चार कॉलेजांत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, प्रयोगशाळा दाखवता का? दोन ठिकाणी दाखवली. एका ठिकाणी कुलपाची किल्ली सापडली नाही. चौथ्या ठिकाणी सर म्हणाले, उद्या या, आणि उद्या गेलो तर खरंच दाखवली, तीनच मायक्रोस्कोप होते पण चालू होते. तिनं तेच घेतलं. संध्याकाळी क्लास, घरापासून सायकलनं. २०२७ ला तिची नीट आहे. काय होईल ते मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात तिनं मला कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड पाहिल्याचं फोनवर अर्धा तास सांगितलं. तिला ‘पेशीभित्तिका’ हा शब्द आला नाही, ती इंग्रजी माध्यमाची. मला आला. बाई, तुमच्या वर्गातून आलेला आहे.

राज्य प्रवेश नियमांची पानं मी छापून आणली आहेत, वीस प्रती. दहावी-अकरावीच्या पालकांनी जेवणानंतर मागच्या ओळीत या, एकेकाची स्थिती बघू. ज्यांची मुलं कोट्याला गेलीच आहेत त्यांनी आधी या, त्यांचं बारावीचं कॉलेज कुठलं दाखवलं आहे ते आजच पाहावं लागेल. आणि प्रिंटरवाल्यानं सगळ्यात शेवटी यावं.